चार वॅटचा हट्ट आणि वीस मीटर केबल : एका विद्यार्थी उपग्रह प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

जळगाव–भुसावळ पट्ट्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी गटाचा डिझाइन आढावा एकाच प्रश्नावर अडला होता. उपग्रहावरचा ट्रान्समीटर १ वॅटचा ठेवायचा की ४ वॅटचा करायचा?

उपग्रह १-यू, म्हणजे १० सेंटिमीटर बाजूचा घन. त्याचे काम संदेशवहन तंत्राची चाचणी, तीही साधी. धडगाव–अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर मोबाइलची रेंज जिथे भरवशाची नाही, तिथल्या पर्जन्यमापकाकडून छोटे पॅकेट उचलायचे, साठवायचे आणि जळगाववरून जाताना खाली सोडायचे. कल्पना जुनीच आहे. अण्णा विद्यापीठाच्या ४० किलोच्या अनुसॅटने २० एप्रिल २००९ रोजी पीएसएलव्ही-सी१२ वरून जाऊन हेच ‘साठवा आणि पाठवा’ तंत्र तपासले. पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा जेमतेम एक किलोचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. हॅम बँडमध्ये (हौशी रेडिओच्या वारंवारितांवर) एका ठिकाणचा संदेश दुसऱ्या ठिकाणी पोचवणे हेच त्याचेही काम होते. त्यामुळे खान्देशातल्या गटापुढे नवे शोधण्यासारखे फारसे नव्हते. नेटके करण्यासारखे मात्र भरपूर होते.

४ वॅटची मागणी गच्चीवरच्या ग्राउंड स्टेशनच्या अनुभवातून आली होती. आपला उपग्रह जाण्याआधी सराव म्हणून गट कक्षेतल्या इतर क्यूबसॅटचे (अशाच छोट्या घनाकृती उपग्रहांचे) सिग्नल घेत असे. ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपास, १ वॅट, जीएफएसके पद्धतीने ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), कक्षा साधारण ५०० किलोमीटर, म्हणजे स्वतःच्या नियोजित उपग्रहासारखेच. पॅकेट डीकोड होत (सिग्नलमधून वाचता येत) ती फक्त उपग्रह डोक्यावर आल्यावर, क्षितिजापासून ५५ अंशांच्या वर. या उंचीच्या कक्षेत बरोबर डोक्यावरून जाणारा पास क्षितिजापासून क्षितिजापर्यंत साडेअकरा मिनिटांचा असतो आणि १० अंशांच्या वरचा त्याचा भाग सव्वासात मिनिटांहून थोडा जास्त भरतो. ५५ अंशांच्या वर उरते जेमतेम दीड मिनिट. त्यातही बहुतेक पास ५५ अंशांपर्यंत चढतच नाहीत. ‘१ वॅट पुरत नाही’ हा गटाचा निष्कर्ष यातूनच निघाला.

चार वॅटची किंमत

गटाचे गणित बरोबर होते. ४ वॅट म्हणजे ६ डीबी (डेसिबल, शक्तीच्या गुणोत्तराचे माप; ३ डीबी म्हणजे दुप्पट) जास्त, आणि तेवढ्याने त्याच स्टेशनवर डीकोडिंग ५५ ऐवजी १९ अंशांच्या आसपास सुरू झाले असते. अडचण उपग्रहाच्या बाजूला होती. या बँडमधल्या छोट्या पॉवर अँप्लिफायरची कार्यक्षमता ३५–४० टक्के धरली, तर ४ वॅट बाहेर काढायला साधारण १० वॅट वीज लागते. १-यूच्या एका बाजूवर दोनच सोलर सेल बसतात. फिरणे आणि पृथ्वीच्या सावलीतला वेळ धरून पूर्ण कक्षेची सरासरी दीड-दोन वॅटच्या वर जात नाही. दोन १८६५० सेलची बॅटरी दहा मिनिटांच्या पासला १० वॅट देईल, त्यात फारशी अडचण नाही. खरी अडचण उरलेल्या ६ वॅटच्या उष्णतेची. निर्वातात पंखा चालत नाही. उष्णता पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) तांब्यातून चौकटीत आणि चौकटीतून उष्ण किरणांच्या रूपाने बाहेर जाते. मोठा अँप्लिफायर आला की जाड तांबे, उष्णता वाहून नेणारी पट्टी, वेगळा व्होल्टेज रेग्युलेटर आणि नवी थर्मल-व्हॅक्यूम चाचणी हे सगळे त्याच्यामागून आलेच. १-यूमध्ये एवढी जागा काढायची तर संदेशवहनाच्या पेलोडचाच, म्हणजे मूळ कामाचाच, बोर्ड बाहेर गेला असता.

म्हणून आढावा समितीने अट घातली: आधी कागदावर लिंक बजेट (सिग्नल वाटेत कुठे किती वाढतो-घटतो याचा हिशोब) मांडा, मग वॅट मागा.

हिशोब काय सांगतो

उपग्रह १० अंशांवर असताना अंतर १,६९५ किलोमीटर भरते.

ट्रान्समीटर १ वॅट: +३० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डीबी)
उपग्रहातील केबल आणि अँटेनाचा तोटा: −२ डीबी
मोकळ्या अवकाशातील घट, ४३७ मेगाहर्ट्झला: −१४९.८ डीबी
उपग्रहाचे रेषीय ध्रुवीकरण (लहर एकाच प्रतलात कंप पावते), आपली अँटेना वर्तुळाकार: −३ डीबी
गच्चीवरची क्रॉस्ड यागी (काटकोनात जोडलेल्या, एका दिशेला ऐकणाऱ्या दोन अँटेना), सात-सात एलिमेंट (आडव्या दांड्या): +११ डीबी
यागीच्या टोकाशी सिग्नल: −११३.८ डीबीएम

आता नॉइज, म्हणजे सिग्नल झाकणारी खरखर. २० किलोहर्ट्झ रुंदीला, सामान्य तापमानाला औष्णिक नॉइज −१३१ डीबीएम असतो. ९६०० बॉड सुखाने डीकोड व्हायला सिग्नल नॉइजच्या साधारण १३ डीबी वर हवा. म्हणजे रिसीव्हरने स्वतःचा नॉइज फक्त चार डीबीपर्यंत घातला, तरी १० अंशांवर पॅकेट मिळायला हवे. मिळत होते ५५ अंशांना, जिथे सिग्नल −१०४.८ डीबीएम असतो. त्यातून १३ वजा केले तर या स्टेशनचा नॉइज सुमारे −११८ डीबीएम ठरतो. याचा अर्थ स्टेशनचा नॉइज फिगर (औष्णिक नॉइजवर स्टेशनने घातलेली भर) १३ डीबी. चांगल्या स्टेशनला तो दीड-दोन असतो. अकरा डीबी जमिनीवरच कुठेतरी जात होते, आणि गट ते आकाशातून भरून काढायला निघाला होता.

ऐकलेला उपग्रहच अशक्त असेल, ही शंका पाच मिनिटांत मिटली. सॅटनॉग्ज या खुल्या जाळ्यावर त्याच उपग्रहाच्या त्याच दिवसाच्या इतर स्टेशनांवरच्या नोंदी पाहता येतात. तशाच साध्या यागीवर १२–१५ अंशांपासून पॅकेट येत होती. कोणत्याही नव्या स्टेशनने सर्वांत आधी करायची तपासणी हीच. ती फुकट आहे, तरीही बहुधा शेवटी केली जाते.

संशयितांची रांग

पहिला संशय सातपुड्यावर होता. जळगावच्या बाजूने उत्तरेला रांग दिसते खरी, पण ती ४०–५० किलोमीटरवर आहे. हजार मीटर उंची धरली तरी क्षितिजावर ती एक-सव्वा अंश वर येते. १० अंशांवरच्या पासला तिचा काडीचा अडथळा नाही. त्यापेक्षा शेजारच्या वसतिगृहाची इमारत त्रासदायक. तीही एकाच दिशेला.

दुसरा संशय अँटेना उपग्रहाकडे वळवत ठेवणाऱ्या रोटेटरवर, आणि गटाने सर्वाधिक वेळ इथेच घालवला होता. दिशा एक अंशात आणायचा ध्यास, कोन मोजणारा एन्कोडर, मोटार सांभाळणारे पीआयडी नियंत्रण, सगळे झाले. सात एलिमेंटच्या यागीचा बीम सुमारे ४५ अंश रुंद असतो. त्यात १० अंशांची चूक झाली तरी नुकसान ०.६ डीबी. खान्देशात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे साध्या होकायंत्रावर अँटेना लावली तरी चालते. एवढ्या छोट्या यागीला अचूक रोटेटर ही चैन आहे.

तिसरी गोष्ट खरीच चुकलेली निघाली, पण चोर ती नव्हती. दोन यागींना वर्तुळाकार ध्रुवीकरणासाठी जोडणारा पाव तरंगलांबीचा केबलचा तुकडा ११३ मिलिमीटर कापला होता. ही लांबी आत भरीव पॉलिथिलीन असलेल्या केबलला लागू पडते, जिचा वेग-गुणक (केबलमधला लहरींचा वेग, प्रकाशाच्या तुलनेत) ०.६६ असतो. वापरली होती फोमची केबल, गुणक सुमारे ०.८३. तिला १४२ मिलिमीटर हवे. त्यामुळे ९० ऐवजी ७२ अंशांचा फेज मिळत होता. वर्तुळाचे लंबवर्तुळ झाले, नुकसान फार तर दीड डीबी. तुकडा बदलला. डीकोडिंगचा कोन जवळपास तिथेच राहिला.

डॉप्लरचाही (उपग्रहाच्या वेगामुळे वारंवारिता सरकण्याचा) विचार झाला. ४३७ मेगाहर्ट्झला पासभरात सिग्नल वर-खाली सुमारे १० किलोहर्ट्झ सरकतो. टीएलई (उपग्रहाच्या कक्षेची प्रसिद्ध होणारी आकडेवारी) ताजी असेल तर सॉफ्टवेअर ते सांभाळते. एकाच रॉकेटमधून अनेक उपग्रह सुटल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत टीएलई कोणत्या उपग्रहाची हे निश्चित नसते आणि तेव्हा खरा गोंधळ होतो. पण हे उपग्रह वर्षे फिरत असलेले होते.

अँटेना काढली, काहीच बदलले नाही

खरे निदान एका साध्या कृतीत झाले. वॉटरफॉल (वेळेनुसार सिग्नल दाखवणारा पडद्यावरचा आलेख) चालू ठेवून गच्चीवरच्या टोकाला केबलपासून यागी सोडवली आणि तिथे ५० ओहमचा लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रोध) लावला. पडद्यावरचा नॉइज तसूभर हलला नाही. परत यागी लावली, तरी तेच. याचा अर्थ रिसीव्हर यागीकडून येणारे काहीच ऐकत नव्हता. ऐकत होता स्वतःचाच नॉइज. निरोगी स्टेशनवर लोडच्या जागी आकाशाकडे वळवलेली यागी आली की नॉइज एक-दोन डीबीने खाली जायला हवा, कारण या बँडमध्ये आकाश हे खोलीच्या तापमानाच्या लोडपेक्षा बरेच ‘थंड’ असते.

मग नॅनोव्हीएनए हे छोटे मोजयंत्र घेऊन केबल मोजली. वरचे टोक मोकळे ठेवायचे, खालून परावर्तन वाचायचे आणि आकडा निम्मा करायचा. सिग्नल केबलमधून जाऊन परत येतो म्हणून निम्मा. वाचन १४, म्हणजे एकेरी तोटा ७ डीबी. गच्चीपासून प्रयोगशाळेपर्यंतच्या २० मीटर आरजी-५८ केबलला या वारंवारितेवर एवढाच अपेक्षित आहे. केबल खराब नव्हतीच, चुकीच्या जागी होती. तिच्या खाली लो-नॉइज (स्वतःचा नॉइज अगदी कमी घालणारा) अँप्लिफायर नसलेला आरटीएल-एसडीआर हा छोटा यूएसबी रिसीव्हर, नॉइज फिगर सुमारे ६. सात अधिक सहा, तेरा. हिशोबातला आकडा तंतोतंत जुळला.

इथे बहुतेक गट जी चूक करतात ती टाळण्यासारखी आहे. अँप्लिफायर आणतात आणि प्रयोगशाळेतच, रिसीव्हरला चिकटून लावतात, कारण तिथे हात पोचतो आणि वीज असते. तसे केले तर एकूण नॉइज फिगर ७.९ डीबीच्या खाली येत नाही, कारण केबलचे ७ डीबी अँप्लिफायरच्या आधीच गेलेले असतात. तोच अँप्लिफायर, ०.८ डीबी नॉइज फिगर आणि २० डीबी गेनचा, यागीच्या बुडाशी लावला तर एकूण १.४. सुट्या भागांत काडीचा फरक नाही, फरक फक्त जागेचा, आणि तो साडेसहा डीबीचा. केबल बदलण्यापेक्षा अँप्लिफायर वर नेणे हे केव्हाही आधी.

वर नेला, आणि बिघडले

अँप्लिफायर वर गेला, ५ व्होल्ट केबलमधूनच बायस-टी या जोडणीने दिले. पहिल्याच पासला वॉटरफॉल भुतांनी भरला. जिथे काहीच नसायला हवे तिथे रेघा, आणि वसतिगृहाकडे वळले की नॉइज फ्लोअर श्वास घेतल्यासारखा वर-खाली. कारण वसतिगृहाच्या पलीकडे, यागीपासून दीडेकशे मीटरवर उभा असलेला मोबाइल टॉवर.

हेही कागदावर आधी दिसले असते. ९४० मेगाहर्ट्झला टॉवरची परिणामी शक्ती +६० डीबीएम धरा, १५० मीटरला घट ७५ डीबी, उरले −१५ डीबीएम. रुंद बँडचा अँप्लिफायर त्यात २० मिळवतो, झाले +५. आरटीएल-एसडीआरसारख्या रिसीव्हरचा गळा त्याच्या कितीतरी आधीच आवळतो. ८८–१०८ मेगाहर्ट्झची एफएम केंद्रेही हेच करतात, फक्त ती दूर असतात.

उपाय म्हणजे फक्त हवा तो बँड जाऊ देणारा बँडपास फिल्टर. तो अँप्लिफायरच्या आधी लावायचा की नंतर, यावर गटात बरीच ओढाताण झाली. आधी लावला तर त्याचा तोटा थेट नॉइज फिगरमध्ये मिसळतो. नंतर लावला तर रिसीव्हर वाचतो, पण अँप्लिफायर स्वतः टॉवरने गुदमरला तर वाचत नाही. शहराबाहेर, टॉवर दोन-तीन किलोमीटरवर असता तर नंतर लावणे योग्य होते. इथे आधी. मात्र तो कमी तोट्याचा हवा. छोटे सॉ फिल्टर स्वस्त असतात, पण दोन-दोन डीबी खातात. त्यांची जागा अँप्लिफायरच्या मागे. पुढे लावायला ०.६ डीबी तोट्याचा हेलिकल प्रकारचा फिल्टर घेतला.

एवढे झाल्यावर केबलही बदलली. आरजी-५८ जाऊन डिश टीव्हीची आरजी-६ आली. २० मीटरला तोटा पावणेतीन डीबी, कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते, आणि एलएमआर-४०० या जाड, कमी तोट्याच्या केबलच्या किमतीचा लहानसा हिस्सा. ती ७५ ओहमची आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतात. फक्त ऐकायचे असेल तर त्या विसंगतीचे नुकसान ०.२ डीबीसुद्धा नाही. अँप्लिफायर वर असताना या बदलाचा निव्वळ फायदा ०.४ डीबीच. खरा फायदा तिच्या फॉइलच्या आवरणाचा. प्रयोगशाळेतले संगणक आणि एलईडी ट्यूबचे ड्रायव्हर (वीज पुरवणारी सर्किट) यांची घाण मधल्या वीस मीटरांत आत शिरायची थांबली. एफ-कनेक्टर मात्र कॉम्प्रेशनचेच लावावेत. हाताने पिळायचे कनेक्टर दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात.

शेवटचा हिशोब असा: फिल्टर ०.६, बाकी साखळी १.०, एकूण १.६ डीबी. नॉइज −१२९.४, १० अंशांवर सिग्नल −११३.८, फरक १५.६. हवेत १३, हातात २.६ डीबी. प्रत्यक्षात मोकळ्या दिशांना डीकोडिंग १०–१२ अंशांपासून सुरू झाले, वसतिगृहाच्या बाजूला २५ पासून. एका दिशेला रात्रीच नॉइज ५ डीबी चढत असे. यागी १५ अंशांवर ठेवून गोल फिरवली, तेव्हा तो पार्किंगच्या एलईडी फ्लडलाइटकडे सापडला. दिवा बंद, नॉइज गायब. चांगल्या ड्रायव्हरचा दिवा बसवला.

गच्ची म्हणजे खान्देशची गच्ची

अँप्लिफायर वर नेला की तो मे महिन्यातही वरच राहणार. सावलीत ४५ अंश असताना उन्हातल्या काळ्या डबीत ६५–७० सहज होतात. डबी पांढरी असावी, तिच्यावर अर्ध्या बोटाची फट सोडून पत्र्याची सावली असावी, आणि बुडाला तीन मिलिमीटरचे भोक असावे. भोकाला बारीक जाळी लावली नाही तर गांधीलमाश्या घर करतात. केबल डबीत शिरण्याआधी खाली लोंबती वळवावी, म्हणजे पाणी वळणावरून गळते. पाइपला तीन तणावे हवेतच. मे-जूनच्या ज्या वादळाने रावेर–यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, तेच वादळ गच्चीवरही येते.

वीज गेल्यावरची एक चूक मजेशीर होती. स्टेशनवरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला बॅटरीवरचे घड्याळ नव्हते. वीज आली, पण इंटरनेट उशिरा आले की तो जुन्याच वेळेवर सुरू होतो आणि निष्ठेने भलत्याच वेळी रिकाम्या आकाशाचे रेकॉर्डिंग करतो. सेकंदाची चूक खपते, तासाची नाही. डीएस३२३१ चे घड्याळ-मॉड्यूल लावल्यावर हा प्रश्न संपला.

हे सगळे ऐकण्यापुरते. याच स्टेशनवरून आज्ञा पाठवायची तर हौशी रेडिओ परीक्षेचे प्रमाणपत्र आणि दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन व समन्वय) शाखेचा परवाना लागतो. शिवाय पाठवताना अँप्लिफायर वाटेतून बाजूला करणारा रिले आणि क्रम राखणारा सीक्वेन्सर लागतो, नाहीतर पहिल्याच पीटीटीला (पाठवण्याचे बटण दाबताच) तो जळतो. पाठवताना केबलच्या तोट्यावर अँप्लिफायरचा उताराही नसतो. रेडिओने १० वॅट सोडले तर २० मीटर आरजी-५८ च्या वरच्या टोकाला दोनच पोचतात. अपलिंकसाठी जाड केबल घ्यावीच लागते.

काय ठरले

उपग्रहाचा ट्रान्समीटर १ वॅटचाच राहिला आणि पेलोडच्या बोर्डाची जागा वाचली. फिल्टर, अँप्लिफायर, केबल आणि डबी यांचा मिळून खर्च ४ वॅटच्या अँप्लिफायरच्या नुसत्या फेरचाचणीपेक्षाही कमी होता.

२.६ डीबी हे मोठे शिल्लक नव्हे, आणि दोन गोष्टी ते खातात. एक, उपग्रहाचे स्वतःभोवती फिरणे. ‘स्वयम्’प्रमाणे या उपग्रहातही चुंबकाने दिशा धरायची योजना आहे. वीज लागत नाही, पण चुंबकाच्या अक्षाभोवतीचे फिरणे पूर्ण थांबत नाही, आणि अँटेनाची कमजोर बाजू खाली आली की सिग्नल काही सेकंद बुडतो. दुसरी गोष्ट भूगोलाची. आयनोस्फिअरमध्ये विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनचा जो दाट पट्टा असतो, त्याच्या उत्तरेकडच्या कडेजवळ खान्देश येतो. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, मार्च–एप्रिल आणि सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये, सूर्यास्तानंतर ते मध्यरात्रीपर्यंत सिग्नल लुकलुकतो. सूर्य-समकालिक कक्षा (रोज ठरावीक स्थानिक वेळी वरून नेणारी) सकाळी साडेनऊची असेल तर रात्रीचा पास साडेनऊच्या आसपास, म्हणजे नेमका त्यात सापडतो.

दोन्हींवर वॅट वाढवून फारसा उपाय होत नाही. बुडी मोठी असते, पण थोडा वेळ असते. म्हणून बदल प्रोटोकॉलमध्ये केला. पॅकेट हेडरसह १५० बाइटचे, म्हणजे हवेत सव्वाशे मिलिसेकंद. प्रत्येक पॅकेट तीनदा जाते, पण लागोपाठ नाही. आधी रांगेतली सगळी पॅकेट एकदा, मग तीच पुन्हा, आणि एका पॅकेटच्या दोन फेऱ्यांत किमान आठ सेकंदांचे अंतर. रांगेत ६४ पॅकेट असली तर हे अंतर आपोआप पडते. कमी असली तर मधल्या वेळात उपग्रह स्वतःची बॅटरी आणि तापमान यांचे टेलिमेट्री पॅकेट सोडतो.